पचवणारं यकृत: एका समजुतीचं खंडन

तिरुवैयारुचं नाव मराठी कानावर पडतं ते त्यागराजांच्या आराधनेमुळे, नाहीतर तंजावरच्या भोसल्यांमुळे. गावाचा रोजचा संसार मात्र चालतो भातावर आणि गुरांवर. तंजावरहून उत्तरेला दहा-बारा किलोमीटर जाताना कावेरीचे फाटे एकामागून एक ओलांडावे लागतात आणि दोन्ही अंगांना भात, केळी, ऊस, पानवेली दिसत राहतात. मेट्टूर धरणाचं पाणी 12 जूनला सोडायचं असा जुना रिवाज आहे. ते वेळेवर आलं तर कुरुवै हंगामाचं भात सप्टेंबर-ऑक्टोबरात कापणीला येतं. गोम इथेच आहे. आपल्याकडे परतीचा पाऊस कापणी गाठतो की नाही हा नशिबाचा भाग. कावेरीच्या मुखप्रदेशात वर्षाचा मुख्य पाऊसच ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, म्हणजे कुरुवैची कापणी पावसाच्या तोंडावरच होते. कापणीयंत्र दाणा घेऊन जातं, पेंढा शेतात पडून राहतो, भिजतो आणि मग त्याच्या पेंढ्या-गठ्ठे बांधले जातात. दाण्यात 17 टक्क्यांहून जास्त ओलावा असेल तर सरकारी खरेदीत अडचण येते. ही अट शिथिल करा, अशी मागणी तमिळनाडू सरकार केंद्राकडे वारंवार करतं. माणसाच्या भातासाठी निदान एवढा पत्रव्यवहार तरी होतो. वैक्कोल म्हणजे पेंढा, तविडु म्हणजे तांदळाचा कोंडा आणि कडलै पुण्णाक्कु म्हणजे शेंगदाण्याची पेंड, यांच्या ओलाव्याबद्दल दिल्लीला कुणी पत्र लिहीत नाही.

या ओलाव्यातून जी बुरशी येते तिच्याबद्दल एक मत कावेरीकाठी, कृष्णाकाठी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या व्हरांड्यांतही सारखंच ऐकू येतं: माणसाला नको ते जनावराला चालतं, कारण जनावराचं यकृत विष पचवतं. हे मत अडाणी नाही. म्हणून खंडन करण्याआधी ते त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायला हवं.

गोठ्यातला माणूस म्हणतो, आजोबांच्या काळापासून गुरं भिजका पेंढा खात आली; बुरसट भाग झटकला, उन्हात पसरला, झालं. गुरं मेली नाहीत. पशुवैद्य त्याला शास्त्राचा आधार देतो: रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव पुष्कळशी विषं आधीच मोडून टाकतात, उरलेली यकृत निष्प्रभ करतं, टर्की आणि बदकाच्या पिल्लांच्या मानाने गाय कितीतरी काटक. आणि नियम लिहिणारा शेवटचा शिक्का मारतो: पशुखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-1 या बुरशीच्या विषासाठी भारतीय मानक ब्युरोने किलोला 20 मायक्रोग्रॅम, म्हणजे 20 पीपीबी, ही मर्यादा घातली आहे, तिच्या आत सारं क्षेम. वजन वाढतंय, रक्ताचे आकडे ठीक आहेत, दूध आटलेलं नाही. अशा जनावराच्या यकृतातल्या जनुकांचे आलेख कुणी पुढे केले, तर ते विद्यापीठाच्या पदवीपुरतं ठीक आहे.

या पक्षाचा एक मुद्दा आधीच मान्य करून टाकतो. गुरं सहसा मरत नाहीत हे खरं आहे. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्कीची पिल्लं पटापट मेली. शोध घेता घेता माग ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपर्यंत पोचला, पेंडीत अस्परजिलस फ्लेवस ही बुरशी सापडली आणि तिच्याच नावावरून विषाचं नाव अफ्लाटॉक्सिन पडलं. आपल्याकडे 1974 मध्ये राजस्थानच्या बांसवाडा आणि गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यांत पावसात भिजलेला मका खाऊन माणसांना कावीळ झाली. नोंदलेल्या 397 रुग्णांपैकी 106 दगावले, आणि त्याच घरांतली कुत्रीही मेली. अशा घटनांत विषाचं प्रमाण प्रचंड असतं आणि निकाल डोळ्यांना दिसतो. तिरुवैयारुच्या गोठ्यात असं काही होत नाही. पण ‘मरत नाही’ यावरून ‘बाधत नाही’ हे अनुमान काढणं म्हणजे मृत्यू हीच बाधेची एकमेव खूण धरणं. नैयायिकांनी या हेतूला पहिल्या फेरीतच बाद केलं असतं.

खरा वाद ‘पचवतं’ या क्रियापदाशी आहे.

अफ्लाटॉक्सिन बी-1 हा रेणू पेंडीत असतो तेव्हा रासायनिक दृष्ट्या बराचसा निष्क्रिय असतो. तो पोटातून रक्तात आणि रक्तातून यकृतात जातो. तिथे सायटोक्रोम पी-450 या कुळातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, त्याला हाताळतात. परक्या रेणूवर ऑक्सिजन चढवून त्याला पाण्यात विरघळेल असा करायचा, म्हणजे लघवीवाटे बाहेर काढता येईल, हे या विकरांचं नेहमीचं काम. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत त्यांची हीच शिस्त घात करते. ऑक्सिजन रेणूच्या एका विशिष्ट जागी बसला की त्याचं इपॉक्साइड बनतं, आणि हे इपॉक्साइड अतिशय चंचल असतं. ते डीएनएतल्या ग्वानिनला जाऊन चिकटतं, प्रथिनांनाही पकडतं. ते डीएनएपर्यंत पोचण्याआधी ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज हे दुसरं विकर त्याला ग्लुटाथायोनशी जोडून टाकू शकलं, तरच संकट टळतं. म्हणजे विष घडतं ते यकृतात, यकृताच्याच हातून. आणि ते निष्प्रभ होतं तेही तिथेच, झालं तर. बुरशीने पाठवलेला असतो तो नुसता कच्चा माल.

हे कळलं की कोणतं जनावर काटक आणि कोणतं नाजूक, या प्रश्नाचा अर्थच बदलतो. काटकपणा म्हणजे यकृत धडधाकट असणं नव्हे. या दोन विकरांपैकी कोणतं किती आणि केव्हा तयार होतं, यावर तो ठरतो. प्रयोगशाळेतला छोटा पांढरा उंदीर, म्हणजे माऊस, अफ्लाटॉक्सिनला फारशी दाद देत नाही, कारण इपॉक्साइडला नेमकं पकडणारं ट्रान्सफरेज त्याच्या यकृतात भरपूर असतं. त्याचा थोरला भाऊबंद रॅट मात्र त्याच विषाने यकृताच्या कर्करोगाला बळी पडतो. अमेरिकेत युटा राज्य विद्यापीठातल्या रॉजर कुलोम्ब यांच्या गटाने टर्कीवर जे काम केलं ते तर याहून बोलकं आहे. रानटी टर्कीच्या यकृतात इपॉक्साइड पकडणारी क्रिया आहे. पाळीव टर्कीच्या यकृतात ती नाही. पाळीव पक्ष्याची तीच जनुकं घेऊन जीवाणूंकरवी विकर बनवून पाहिलं तर ते काम करतं. म्हणजे जनुक शाबूत आहे, यकृतात ते गप्प आहे. जनावराच्या अंगात कोणती जनुकं आहेत हे सांगून भागत नाही. ती यकृतात बोलतात की नाही, हे पाहावं लागतं. बदकाची पिल्लं तर इतकी नाजूक की 1960 च्या दशकात पेंडीत अफ्लाटॉक्सिन आहे का हे तपासायला तीच वापरत असत. कावेरीकाठी कापणी झालेल्या भातशेतांतून बदकांचे कळप फिरवणाऱ्यांना हे माहीत असण्याचं कारण नाही, पण पशुखाद्याचं धोरण आखणाऱ्यांना असायला हवं.

आता जनुकांच्या सक्रियतेकडे वळू, कारण पूर्वपक्षाने तिची हेटाळणी केली आहे. यकृताच्या प्रत्येक पेशीत जनावराची सगळी जनुकं असतात. त्यांपैकी काहींच्याच संदेशवाहक आरएनएच्या प्रती त्या-त्या वेळी काढल्या जातात आणि त्यांवरून प्रथिनं बनतात. कोणत्या जनुकाच्या किती प्रती निघाल्या हे मोजता येतं: आधी एकेका जनुकासाठी पीसीआरने, मग मायक्रोअ‍ॅरेने हजारोंच्या संख्येने, आणि आता आरएनए क्रमवाचनाने सगळ्यांच्या एकदम. रक्ताची तपासणी काय दाखवते? एएसटी, एएलटी यांसारखी विकरं रक्तात वाढली तर यकृताच्या पेशी फुटून ती बाहेर सांडली, एवढंच. पेशी फुटलेली नाही पण कामाची घडी विस्कटली आहे, हे रक्तात उतरत नाही. यकृताची राखीव ताकद मोठी असते. बराच भाग निकामी होईपर्यंत बाहेरून सगळं ठीक दिसतं. म्हणून ‘रक्ताचे आकडे ठीक आहेत’ हे विधान खरं असूनही त्यावरून ‘यकृत ठीक आहे’ असं ठरत नाही.

मिसुरी विद्यापीठात ब्रॉयलरच्या पिल्लांवर झालेलं आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेलं काम या वादात मला निर्णायक वाटतं. त्या गटात बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेचे शास्त्रज्ञही होते. पिल्लांना तीन आठवडे किलोला एक मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन बी-1 असलेलं खाद्य दिलं. यकृतात काय दिसलं? इपॉक्साइड बनवणाऱ्या सायटोक्रोम कुळातली सीवायपी1ए1 आणि सीवायपी2एच1 ही जनुकं वर गेली. इपॉक्साइड निष्प्रभ करणाऱ्या ट्रान्सफरेजचं जनुक खाली आलं. पेशीतला ऑक्सिडीकरणाचा ताण आवरणाऱ्या सुपरऑक्साइड डिस्म्युटेजचंही खाली आलं. दाह वाढवणाऱ्या इंटरल्युकिन-6 चं वर गेलं. त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात चरबी जाळून ऊर्जा मिळवण्याशी निगडित जनुकं मंदावलेली आणि पेशीविभाजनाशी निगडित जनुकं तेज झालेली आढळली. अफ्लाटॉक्सिन खाल्लेल्या कोंबडीचं यकृत फिकट, पिवळसर, चरबीने भरलेलं का असतं, याचा उलगडा इथे होतो.

याच विद्यापीठात वाढत्या डुकरांना 250 आणि 500 पीपीबी अफ्लाटॉक्सिन देऊन यकृत तपासलं गेलं. डीएनएला इजा झाली की जागी होणाऱ्या पी-53 साखळीतली जनुकं सुरुवातीच्या दिवसांतच वर गेलेली दिसली. पेशीने विभाजन थांबवावं, दुरुस्ती करावी, नाहीतर स्वतःला संपवावं, असे निर्णय ही साखळी घेते. दुरुस्तीची हाक उठली आहे म्हणजे मोडतोड झाली आहे, हे सांगायला वेगळा साक्षीदार लागू नये.

इथे पूर्वपक्षाचा सर्वांत तगडा आक्षेप येतो. जाणकार टीकाकार म्हणेल, जनुकं वर-खाली होणं म्हणजे इजा नव्हे. थंडी वाजली, उपास पडला, खाद्य बदललं, तरी यकृतातली शेकडो जनुकं हलतात. हे शरीराचं जुळवून घेणं आहे; उलट त्यामुळेच जनावर टिकतं. आक्षेप योग्य आहे, आणि कित्येक शोधनिबंधांना तो लागूही पडतो. आलेखातले लाल-हिरवे चौकोन मोजून ‘विषबाधा’ जाहीर करणारे लेखक पुष्कळ आहेत. त्यांच्यावर दया करण्याचं कारण नाही.

पण जुळवून घेण्याला दिशा असते. विष येतंय हे कळल्यावर यकृत जुळवून घेत असतं, तर विष मारणारं विकर वाढायला हवं होतं आणि विष घडवणारं घटायला हवं होतं. मिसुरीच्या पिल्लांमध्ये नेमकं उलट घडलं. घडवणारा हात वाढला, मारणारा आखडला. याला जुळवून घेणं म्हणायचं तर त्या शब्दाचा अर्थच बदलावा लागेल. शिवाय त्याच प्रयोगातल्या आणखी एका गटाने उलटतपासणीची सोय करून ठेवली होती: त्याला खाद्यात हळद दिली होती. तिच्यामुळे सायटोक्रोमची वाढ कमी झाली आणि ट्रान्सफरेजची घटही सावरली. एकाच उपायाने दोन्ही बाजू योग्य दिशेने हलल्या, यावरून त्या दोन बाजू एकमेकींशी आणि विषाशी बांधलेल्या आहेत एवढं तरी सिद्ध होतं. (सांगलीचा किंवा ईरोडचा व्यापारी हे वाचून हळदीची जाहिरात करील. त्याने थांबावं. हळदीने बाधा कमी झाली, म्हणून बुरसट पेंड शुद्ध होत नाही.)

मात्रेचा आक्षेप उरतो, आणि तो मी टाळणार नाही. किलोला एक मिलिग्रॅम म्हणजे 1,000 पीपीबी, भारतीय मर्यादेच्या पन्नास पट. तिथे दिसलेलं जसंच्या तसं 20 पीपीबीच्या गायीवर लादता येणार नाही. मीही लादत नाही. पण तो प्रयोग तीन आठवड्यांचा होता. दुभती गाय तीच पेंड वर्षानुवर्षं खाते. प्रयोगात अफ्लाटॉक्सिन तेवढं होतं. पावसात भिजलेल्या चाऱ्यात अस्परजिलसच्या शेजारी फ्युजॅरियम ही बुरशीही वाढते आणि तिची विषं वेगळी. शिवाय मर्यादा आहे ती कारखान्यात तयार झालेल्या, पोत्यावर मानकाची खूण असलेल्या खाद्याला. गावातल्या तेलघाणीतून सुटी आणलेली पेंड आणि गिरणीतून आणलेला कोंडा पोत्याशिवाय, खुणेशिवाय घरी येतो. भाताच्या दाण्यावरची बुरशी बाहेरच्या थरात जास्त असते, आणि दाणा पॉलिश करताना तोच थर कोंड्यात जमा होतो. माणसाचा तांदूळ त्यामुळे स्वच्छ होतो. गायीचं काय होतं, ते उघड आहे.

मग 20 हा आकडा आला कुठून? तो जनावराच्या यकृताकडे पाहून ठरवलेला आहे, असा पूर्वपक्षाचा मूक समज असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मर्यादा पाहिल्या की तो टिकत नाही. दुभत्या जनावरांसाठी आणि लहान वासरांसाठी 20 पीपीबी. पैदाशीच्या गुरांसाठी असलेल्या मक्याला 100. कत्तलीपूर्वी पुष्ट करायच्या मांसल गुरांच्या मक्याला 300. जात तीच, यकृत तेच, पी-450 तेच. पंधरापट फरक पडला तो गायीच्या सोसण्याने नव्हे. तिच्याकडून माणसाला काय मिळायचंय आणि ती आणखी किती जगणार आहे, यामुळे. युरोपने दुभत्या जनावरांच्या खाद्यासाठी 5 पीपीबी ठेवले, तेही दुधाकडे पाहून. व्यवहार म्हणून हे समजू शकतं. पण मग या मर्यादेच्या आत असलेलं खाद्य ‘जनावराला सुरक्षित’ आहे, असा दाखला तिच्यावरून काढता येत नाही. माणसाच्या दुधासाठी आखलेली रेघ गायीच्या यकृताची सीमा म्हणून दाखवली जाते, हाच या वादातला मोठा हेत्वाभास.

पोटातले सूक्ष्मजीव विष मोडतात हा मुद्दाही अर्धाच खरा. ऑक्राटॉक्सिन-ए ते खरोखर मोडतात. डीऑक्सिनिव्हॅलेनॉल कमी घातक रूपात बदलतात. म्हणून या दोहोंबाबत गाय डुकरापेक्षा सुदैवी. पण अफ्लाटॉक्सिनवर त्यांचा फारसा इलाज चालत नाही, फ्युमोनिसिन बरंचसं तसंच पुढे जातं, आणि झिअरॅलेनॉनचं तर ते अल्फा-झिअरॅलेनॉल करून ठेवतात, ज्याचा स्त्री-संप्रेरकासारखा परिणाम मूळ रेणूपेक्षा जोरदार असतो. बुरसट भाताच्या पेंढ्याने म्हशींची शेपटी, कान आणि खूर सडवणारा देगनाला रोग पंजाबात ब्रिटिश काळापासून माहीत आहे. पोटातल्या सूक्ष्मजीवांनी तिथे म्हशींना वाचवलं नाही. ‘रवंथ करणारं जनावर’ एवढ्या एका शब्दसमूहात सगळी विषं गुंडाळणं ही अतिव्याप्ती आहे.

झटकणं, वाळवणं, शिजवणं यांबद्दल थोडक्यात. बुरशी मरते, विष राहतं. अफ्लाटॉक्सिन 250 अंश सेल्सियसच्या पुढे वितळतं; अंबोणाच्या उकळीने त्याला काही होत नाही. ऊन त्याला थोडंफार मोडतं हे खरं, आणि शेंगदाणा तेलात हा उपाय चांगला चालतो, कारण तेल पारदर्शक असतं. पेंडीच्या ढेकळाच्या आत ऊन पोचत नाही. कापणीनंतर लवकर वाळवलं तर बुरशी धरत नाही. नंतर वाळवलं तर ती पुढे वाढत नाही, इतकंच.

आजोबांच्या अनुभवाचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. तंजावरात तर नेताच येणार नाही. तिथले भोसले राजे सरफोजी दुसरे यांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांच्या औषधांचीही चिकित्सा होई. सरस्वती महालात गजशास्त्र, अश्वशास्त्राच्या पोथ्या आहेत. आणि ज्या ओरत्तनाडूला सरफोजींनी वाटसरूंसाठी छत्र उभारलं, तिथेच आज तमिळनाडूचं एक पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. या मातीत जनावराकडे बारकाईने पाहण्याची परंपरा मोठी. पण कोणतीही परंपरा ज्याचं कार्य आणि कारण एका नजरेत बसतं तेच पाहू शकते. आज खाल्लेल्या पेंडीने गाय चार महिन्यांनी गाभण राहिली नाही, वासरू हडकुळं निघालं, लस देऊनही तोंडखुरी झाली, तर त्याचा संबंध पेंडीशी जोडायला कोणता आजोबा जाईल? शिवाय आजोबांची उंबळाचेरी गाय आणि आजची जर्सी संकर यांत दुधाचा फरक मोठा. दूध जास्त म्हणजे खुराक जास्त, खुराक जास्त म्हणजे पेंड जास्त. अनुभव ज्या गायीवर बेतला होता ती गायच बदलली आहे.

गायीच्या यकृतातल्या जनुकांचे प्रयोग कोंबडी-डुकरांच्या मानाने थोडे आहेत हेही सांगितलं पाहिजे. कारण साधं आहे: दुभत्या गायीचं यकृत दर आठवड्याला कोण तपासणार? इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या गटाने यावर वाट काढली. त्यांनी गोवंशाच्या यकृतपेशी तबकडीत वाढवल्या, त्यांना अफ्लाटॉक्सिन दिलं आणि सगळा आरएनए वाचला; ते काम 2020 मध्ये आलं. दाह आणि ऑक्सिडीकरणाचा ताण यांच्याशी निगडित जनुकसाखळ्या तिथेही हलल्या होत्या, आणि हळदीतल्या कर्क्युमिनने तिथेही काही अंशी सावरून धरलं. तबकडी म्हणजे गाय नव्हे. पण ‘गायीचं यकृत वेगळं असतं’ असं म्हणणाऱ्याला आता ते वेगळं कसं, हे दाखवावं लागेल.

आणि एक पुरावा असा आहे की त्यासाठी इटलीला जायची गरज नाही. यकृत अफ्लाटॉक्सिन बी-1 वर ऑक्सिजन चढवताना तो दुसऱ्या एका जागीही बसवतं, आणि त्यातून अफ्लाटॉक्सिन एम-1 बनतं. ते दुधात उतरतं. खाल्लेल्या बी-1 पैकी साधारण 1 ते 6 टक्के. भारतीय अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातल्या शहरांतून 6,432 दुधाचे नमुने घेतले. 2019 च्या ऑक्टोबरात अहवाल आला तेव्हा 368 नमुन्यांत एम-1 हे लिटरला अर्धा मायक्रोग्रॅम या मर्यादेच्या वर निघालं. पहिला क्रमांक तमिळनाडूचा: 551 पैकी 88 नमुने. त्यानंतर दिल्ली आणि केरळ. भेसळ शोधायला निघालेल्या सर्वेक्षणाच्या हाती भेसळीपेक्षा हे मोठं प्रकरण लागलं. तिरुवैयारुच्या प्रसिद्ध अशोका हलव्याच्या भक्तांनी घाबरू नये. एम-1 दुधाच्या केसिनला धरून राहतं, तुपात जवळजवळ उतरत नाही. पण ज्या गायींचं ते दूध होतं त्यांच्या यकृतांनी त्या दिवशी काय केलं होतं, याची लेखी नोंद त्या 88 नमुन्यांत होती. ‘यकृत पचवतं’ असं म्हणणाऱ्याला ती नोंद वाचता आली नाही, कारण सगळ्यांनी ती ग्राहकाच्या बाजूने वाचली. दूध पिणाऱ्या मुलाचं काय होईल, हा प्रश्न रास्तच होता. दूध देणाऱ्या गायीचं काय होतंय, हे कुणी विचारलं नाही.

हिशेब करून पाहा. दहा लिटरची गाय 20 पीपीबीचं पाच किलो खाद्य खाते. पोटात गेले 100 मायक्रोग्रॅम. दोन टक्के उतरले तर दहा लिटरांत दोन, म्हणजे लिटरला 0.2. मर्यादेच्या आत. आता तिला दिलेल्या एकाच किलो शेंगदाणा पेंडीत 500 पीपीबी धरा. पोटात 500 मायक्रोग्रॅम, दुधात दहा, लिटरला एक. मर्यादेच्या दुप्पट. आणि दोन्ही गायींच्या बाबतीत बाकीचे 98 टक्के कुठे गेले, हा प्रश्न पूर्वपक्ष विचारतच नाही. त्यातला काही भाग शेणातून, लघवीतून गेला असेल. काही यकृतात इपॉक्साइड होऊन डीएनएला चिकटला.

संकलन केंद्रावर दुधाचा भाव फॅट आणि एसएनएफ पाहून ठरतो. तिथे एम-1 ची झटपट पट्टी लावता येते, आणि काही ठिकाणी लावलीही जाते. ती लागली की लोक म्हणतील, दूध स्वच्छ निघालं, आता तरी वाद मिटवा. मिटत नाही. पेंड बदलली की तीन-चार दिवसांत एम-1 दुधातून नाहीसं होतं. पट्टी बोलते ती गेल्या तीन-चार दिवसांच्या पेंडीबद्दल. आधीच्या दोन हंगामांत त्या यकृतात जे घडलं ते पट्टीवर येत नाही. तेव्हा नियम लिहिणाऱ्यांनी एवढंच जाहीर करावं: ऐन ईशान्य मोसमी पावसात, भिजक्या पेंढ्यावर आणि सुट्या पेंडीवर असलेल्या गाभण कालवडीला 20 पीपीबी सुरक्षित आहेत, हे त्यांनी कुठल्या यकृताकडे पाहून ठरवलं?